कर्नलची दुसरी खेळी

१९४० सालच्या डिसेंबरचा पहिला आठवडा. वर्ध्याच्या स्टेशनावर त्या काळी रोज कोणी ना कोणी मोठी माणसे उतरत. काँग्रेसचे पुढारी, परदेशी वार्ताहर, खादी आणि ग्रामोद्योगातले कार्यकर्ते, सगळ्यांची वाट सेवाग्रामकडे जायची. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होऊन दीडएक महिना झाला होता. पहिले सत्याग्रही विनोबा ऑक्टोबरातच पकडले गेले होते, आणि देशभर एकेक माणूस तुरुंगात चालला होता. अशा दिवसांत मुंबईच्या हिंदू जिमखान्याची काही मंडळी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आली. त्यांचा प्रश्न स्वराज्याचा नव्हता, युद्धाचाही नव्हता. तो क्रिकेटचा होता.

मुंबईत दरवर्षी हिवाळ्यात पंचरंगी सामने होत. हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा पाचवा. (आपले सांगलीचे विजय हजारे धर्माने ख्रिस्ती, म्हणून ते या पाचव्या संघातून खेळत.) सामन्यांना तुफान गर्दी लोटे. देश तुरुंगात जात असताना हा उत्सव करावा का, असा पेच जिमखान्याला पडला होता. गांधीजींनी उत्तर सरळ दिले. एवढे लोक कैदेत असताना आणि जगात युद्ध पेटलेले असताना करमणुकीचा हा सोहळा त्यांना रुचला नाही. पुढे जाऊन त्यांनी असेही सांगितले की, शाळा-कॉलेजांचे सामने आपण समजू शकतो, पण धर्माधर्मांचे सामने आपल्याला कधी समजलेच नाहीत. मुंबईला परतल्यावर जिमखान्याच्या सभेत खडाजंगी झाली, मतदान झाले आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही.

गांधीजींच्या उत्तराची ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत असते. ज्या माणसाच्या फटक्यांवर त्या सामन्यांची गर्दी वीस वर्षे जगली, त्याचे पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो माणूस वर्ध्यापासून जेमतेम दोन तासांच्या अंतरावर, नागपुरात जन्मला होता. नाव कोट्टारी कनकय्या नायडू. जगाला ठाऊक असलेले नाव सी. के. नायडू.

भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून सी. के. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहेत आणि बहुतेकांच्या लेखी तेथेच राहतात. पण त्यांची कसोटी कारकीर्द अवघ्या सात सामन्यांची. ३५० धावा, सर्वोच्च ८१, ९ बळी. चार सामन्यांत कर्णधारपद, त्यांतले तीन हरले, एक अनिर्णित. कागदावर काय उरले? म्हणून कसोटीचा सी. के. बाजूला ठेवून त्यानंतरचा, चाळिशी ओलांडलेला सी. के. पाहावा. माझ्या मते खरा मोठा तोच.

पण आधी नागपूर. ३१ ऑक्टोबर १८९५ ला तेथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण पुरते नागपुरी झालेले. आजोबा नारायणस्वामी ही शहरातली वजनदार असामी. वडील सूर्यप्रकाशराव केंब्रिजला शिकून आलेले, आणि रणजितसिंहांच्या बॅटीचा त्या वेळच्या केंब्रिजवर जो दबदबा होता तो घरी सोबत घेऊन आलेले. मुलगा हिस्लॉपच्या शाळेत जाऊ लागला आणि इतर मुले विटीदांडूत रमतात त्या वयात शाळेच्या क्रिकेट संघात शिरला. खेळायचे ते मॅटवर. चेंडू उसळून छातीवर येणार हे गृहीतच. अंगाने मुलगा उंच, सरळ, काठीसारखा वाढत गेला. मनगटे लांब, बॅट मागे उचलली की ती खांद्याच्याही वर जाई, आणि तेथून खाली आली की चेंडू जमिनीवर राहत नसे.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियनांविरुद्ध त्यांची पहिली परीक्षा झाली. हिंदू संघाचे सात गडी ७९ धावांत परतले होते. एकवीस वर्षांचा हा नागपूरकर आत आला, पहिले तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा प्रेक्षकांत भिरकावला. पुढची दहा वर्षे तो मुंबईचा लाडका झाला. पळवणकर बंधूंसारख्या खेळाडूंच्या सहवासात तो शिकला. ज्यांना मैदानाबाहेर वेगळ्या कपात चहा दिला जाई, त्यांच्यातल्या विठ्ठलकडे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारपद आले, आणि सी. के. त्यांच्या हाताखाली खेळले. माणसाची जात त्याच्या खेळीआड लपते, निदान सामना संपेपर्यंत तरी, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

मग १ डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगनचा एम.सी.सी. संघ मुंबईत आलेला, बॉम्बे जिमखान्याचे मैदान. सी. के. दोन तासांहून थोडा कमी वेळ खेळपट्टीवर होते. तेवढ्यात १५३ धावा, त्यांत ११ षटकार. अकरा! त्या दिवसांत षटकार ही सणासुदीची चीज होती, आणि यांनी दिवाळीच साजरी केली. चेंडू जिमखान्याच्या छपरावर गेल्याचे सांगणारे म्हातारे पुढे कितीतरी वर्षे मुंबईत भेटत. त्याच दौऱ्यात आपल्या प्रा. दि. ब. देवधरांनीही १४८ धावांची खेळी केली, आणि या दोन डावांनी पाहुण्यांची खात्री पटली की हिंदुस्थानला कसोटी खेळता येईल. दोन वर्षांत क्रिकेट नियामक मंडळ उभे राहिले.

दरम्यान सी. के. नागपूर सोडून गेले होते. १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून सैन्यात कॅप्टन केले. नागपुरात कौतुक होते, टाळ्या होत्या, पण क्रिकेटवर घर चालेल अशी नोकरी नव्हती. विदर्भातल्या गुणी मुलाने पोटासाठी बाहेर जायचे ही रीत जुनीच आहे, तिला सी. के. अपवाद कसे ठरतील? तुकोजीरावांना तीनच वर्षांत, बावला खून प्रकरणाच्या वादळात, गादी सोडावी लागली. पण पाहुणा इंदुरातच राहिला, मरेपर्यंत.

१९३२च्या इंग्लंड दौऱ्याची कथा पुष्कळदा लिहिली गेली आहे, म्हणून थोडक्यात. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंह. महाराजांनी आपल्याला क्रिकेट येत नाही हे प्रांजळपणे ओळखून माघार घेतली, लिंबडीकर जायबंदी झाले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीला कोणत्याही गादीचा वारस नसलेला माणूस गेला. निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत उडवले. दुखऱ्या हाताने खेळून सी. के. यांनी पहिल्या डावात ४० काढल्या, संघातल्या सर्वाधिक. सामना १५८ धावांनी गेला. पण दौऱ्यात त्यांनी ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅमच्या मैदानावर मारलेला एक चेंडू बाहेरच्या री नदीपार गेला आणि नदी हीच दोन परगण्यांची हद्द असल्यामुळे एका परगण्यातून दुसऱ्यात पडला, असे इंग्रज मंडळीच कौतुकाने सांगत. पुढच्या वर्षी विस्डेनने वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांना बसवले. भारताकडून खेळणारा असा मान मिळवणारे ते पहिले.

१९३६च्या दौऱ्यात मात्र कर्णधारपद विझियानगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझ्झींकडे गेले. संघात तट पडले, अमरनाथना अर्ध्यातून घरी पाठवले गेले, आणि त्या भांडणात सी. के. हे एक टोक होते हे लपवण्यात अर्थ नाही. स्वभाव ताठ, बोलणे कमी, राग नाकावर. ऑगस्टमध्ये ओव्हलवर वेगवान चेंडू अंगावर घेऊन ते ८१ धावा काढून गेले. वय ४०. पुढे महायुद्ध आले, आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली.

येथे बहुतेक चरित्रे गुंडाळली जातात.

इंदूरला परतलेल्या सी. के. यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, मुंबईच्या धर्मवार सामन्यांत आणखी काही हिवाळे टाळ्या घ्याव्यात. दुसरी, आपल्या गावात मुले जमवावीत आणि संघ घडवावा. त्यांनी दुसरीत उरलेले आयुष्य घातले. प्रशिक्षक हा शब्द तेव्हा कोणाच्या नावामागे लागत नसे. सी. के. यांच्यामागेही कधी लागला नाही. ते होळकरांच्या सैन्यातले अधिकारी होते, पुढे कर्नल झाले, आणि त्यांची मुले त्याच सैन्यात किंवा संस्थानच्या चाकरीत असत. पगार संस्थानाचा, खेळपट्टी संस्थानाची, आणि यशवंतराव होळकरांचा या कामाला आशीर्वाद. पोराच्या पोटाची काळजी मिटली की मगच त्याचा डावा पाय पुढे आणता येतो, हे नागपूर सोडावे लागलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मुले कोण होती ते पाहा. सगळ्यांत आधी मुश्ताक अली. इंदूरच्या एका पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, वय तेरा-चौदा, डावखुरी फिरकी टाकणारा. सी. के. यांच्या नजरेत तो भरला आणि त्यांनी त्याला हाताशी धरले. १९३४च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कसोटीत सी. के. कर्णधार असताना दोन एकोणीस वर्षांची पोरे प्रथमच भारताकडून उतरली. एक मुश्ताक, दुसरा कर्णधाराचा धाकटा भाऊ सी. एस. नायडू. मुश्ताक गोलंदाज म्हणून आला होता. दोनच वर्षांनी मँचेस्टरला विजय मर्चंटबरोबर सलामीला जाऊन त्याने ११२ धावा काढल्या, परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक. गोलंदाजाचा सलामीचा फलंदाज झाला. एखाद्या मुलात काय दडले आहे हे त्याच्या आजच्या कामावरून ठरवू नये, हा धडा इंदूरच्या नेटमध्ये गिरवला जात असला पाहिजे.

मग सागरचे चंदू सरवटे. फिरकीही टाकत, फलंदाजीही करत, आणि मैदानाबाहेर हाताच्या ठशांचे तज्ज्ञ. १९४६ साली सरेविरुद्ध ओव्हलवर शूट बॅनर्जींना घेऊन शेवटच्या जोडीने २४९ धावा करणारे ते हेच. नागपुरात जन्मलेले डावखुरे हिरालाल गायकवाड. मुंबईचे खंडू रांगणेकर. माधवसिंह जगदाळे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, ज्यांनी १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ काढल्या आणि पुढेही कसोटीची टोपी ज्यांना कधी मिळाली नाही. तेलुगू कर्णधार, इंदूरचा मुसलमान सलामीवीर, मराठी मुलांची ही मोठी फळी, आणि पाठीशी एक मराठी संस्थान. वर्ध्याला ज्याविषयी प्रश्न विचारला गेला होता त्याचे उत्तर खेळपट्टीवर आधीच तयार होत होते. १९४१-४२ पासून हा संघ होळकर या नावाने रणजी करंडकात उतरू लागला.

कर्नलच्या शिस्तीच्या गोष्टी इंदुरात आजही सांगतात. सराव म्हणजे परेडच. दुखले म्हणून कुरकुर नाही, मैदानात ढिले उभे राहणे नाही, चेंडू अंगावर आला तर अंग काढून घेणे तर मुळीच नाही. कठोर होते? होते. आजच्या आया-बापांना आपल्या मुलाला असा गुरू चालेल की नाही याची मला शंका आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. मुलांकडून मागितलेले काहीही ते स्वतः करून दाखवायचे बाकी ठेवत नसत. पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात पडले. सांगतात, की त्यांनी खेळपट्टीवरचे दात बॅटने बाजूला सारले, औषधपाणी नाकारले, आणि फडकर जरा हळू टाकू लागताच ते त्यांच्यावरच रागावले. पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या तरुण सहकाऱ्याने यानंतर बोटाला लागल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

या संघाचे पराक्रम आकड्यांत पाहिले तरी डोळे फिरतात. मार्च १९४५ ची अंतिम लढत, मुंबईत. मुंबईच्या धावा ४६२ आणि ७६४, म्हणजे होळकरला जिंकायला ८६७ हव्यात. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या वर्षी होळकरकडून खेळत होता. त्याने नाबाद २४९ केल्या. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख पैसे देण्याचे कबूल केलेले एक शेठजी सामना संपल्यावर सापडलेच नाहीत, असा विनोदी किस्सा या डावाला चिकटला आहे. मुश्ताकने दोन्ही डावांत शतके ठोकली. सी. एस. नायडू यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. धाकट्या भावाला थांब म्हणणारा कर्णधार तेथे नव्हता! होळकर हरले, ३७४ धावांनी, पण ४९२ पर्यंत झुंजून. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या.

पुढच्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध इंदुरात होळकरने ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा शतके. कमल भांडारकर (पुढे मुलांना घडवणारे म्हणून पुण्या-मुंबईत ज्यांचे नाव झाले ते हेच), सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग, आणि सहावे कर्णधार स्वतः, वय ५०. आणि त्याच मोसमात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात सी. के. यांनी २०० धावा काढल्या. इंदूरने पहिल्यांदा रणजी करंडक पाहिला.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकरचा संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चारदा जिंकला. त्यांतला दुसरा विजय मला इतर सगळ्यांहून मोठा वाटतो. तो १९४७-४८ च्या मोसमातला. देश फुटला होता. कितीतरी मुसलमान खेळाडूंची गावे आणि संघ एका रात्रीत परके झाले, काही सीमेपलीकडे गेले. मुश्ताक अली इंदुरातच राहिले. आपल्याला लहानपणी हाताशी धरणारा माणूस, आपले मैदान आणि आपले शहर त्यांनी सोडले नाही. २००५ साली तेथेच त्यांचा देह पडला. त्या मोसमात होळकरने मुंबईला हरवून करंडक उचलला. धर्मवार सामन्यांचा मुंबईतला खेळ त्याच्या दोन वर्षे आधी कायमचा बंद झाला होता.

शेवटचा करंडक १९५२-५३ चा, कलकत्त्यात बंगालविरुद्ध. सी. के. ५७ वर्षांचे. संस्थान केव्हाच विलीन झाले होते, महाराजांची तिजोरी आटली होती. त्यानंतर संघ मुश्ताककडे गेला, आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नावच रणजीच्या यादीतून पुसले गेले. राजांच्या पैशावर उभे राहिलेले क्रिकेट राजांबरोबर जायचेच होते. पण तोवर मुले मोठी झाली होती. सरवटे पुढे राष्ट्रीय निवड समितीवर गेले, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाच्या निवडीत त्यांचा हात होता.

कर्नल मात्र थांबायला तयार नव्हते. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, क्रिकेटपटूला मिळालेले पहिले. ज्या विझ्झींमुळे १९३६ चा दौरा कडवट झाला, ते आता उत्तर प्रदेशच्या क्रिकेटचे सूत्रधार होते आणि त्यांनीच सी. के. यांना आपल्याकडे खेळायला बोलावले. वीस वर्षांची अढी दोघांनी कशी सोडवली कोण जाणे, पण सी. के. गेले. राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या. वय ६१. घरोघरी या वयाची माणसे नातवाला मैदानावर सोडायला जातात.

त्यांच्या घरीही क्रिकेटचे वारे होते. कन्या चंद्रा नायडू इंदुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या, आणि आपल्या देशात क्रिकेटचे धावते समालोचन करणाऱ्या पहिल्या बाई म्हणून ओळखल्या गेल्या. वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. २०२१ साली त्या वारल्या.

सी. के. यांचा अखेरचा प्रथम श्रेणीचा सामना १९६३ सालचा. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचा संघ आणि राज्यपालांचा संघ यांच्यात तो निधीसाठी खेळला गेला, आणि योगायोग असा की तो नागपुरात झाला. हिस्लॉपच्या मुलाने जेथे बॅट धरायला सुरुवात केली त्याच गावात, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने प्रथम श्रेणीची बॅट खाली ठेवली. मधे २०७ सामने होते, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

नियामक मंडळ त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते, तो थोरामोठ्यांना मिळतो आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. त्यांच्या नावाचा दुसरा एक करंडक आहे, तो २३ वर्षांखालच्या मुलांचा. त्याच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. विदर्भाची मुलेही तो खेळतात, वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरकडची पोरे त्यासाठी पहाटेच्या गाड्या पकडून नागपूर गाठतात. त्यांच्यातले थोडे पुढे रणजीत जातात.

विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत आला १९५७-५८ साली. साठ वर्षे तो अंतिम फेरीच्या जवळही फिरकला नाही. १ जानेवारी २०१८ रोजी मात्र नागपूरच्या फैज फझलच्या नेतृत्वाखाली त्याने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि पहिल्यांदा करंडक उचलला. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली होती, विजयी फटका वसीम जाफरचा होता. अंतिम सामना त्या वर्षी इंदूरला होता, होळकर स्टेडियमवर.